ग्राफ्ट म्हणजे कलम, पण कुठलं?

पावसाचा जोर ओसरला की आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या मळ्यात कलम बांधणारी टोळी येते. फेब्रुवारीत लावलेली डॉगरीज या रानद्राक्षाची रोपं, ज्यांना इथे सरळ 'जंगली' म्हणतात, तोवर काठीला धरून चांगली वर गेलेली असतात. टोळीतले जुने जाणते म्हणजे नाना. खाली बसून त्यांचं काम चालू असतं आणि तोंडही.

यंदा भाची आली होती. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, त्यामुळे इंग्रजी पेपर तिच्या हातातून सुटत नाही. बांधावर बसून तिने विचारलं, "मामा, इथे लिहिलंय, 'क्लर्क हेल्ड इन ग्राफ्ट केस'. ग्राफ्ट म्हणजे कलमच ना? मग या कारकुनाने कसलं कलम केलं?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात नाना मान वर न करता म्हणाले, "त्याने नाही केलं. त्याला लागलं."

आणि खरंच लागलं होतं. सरकारी नोकराने लाच घेतली की भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ याचं कलम ७ लागतं. म्हणजे मराठी बातमीत कलम, इंग्रजी बातमीत ग्राफ्ट, समोर नानांच्या हातात तिसरंच कलम, ज्याला इंग्रजीत पुन्हा ग्राफ्ट म्हणतात. निम्मं आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलं तरी हा गुंता मी कधी नीट सोडवला नव्हता. त्या दिवशी बसून सोडवला, तो असा.

आधी समोर दिसत होतं ते. जंगलीचं खोड नाना जमिनीपासून हातभर उंचीवर आडवं कापतात आणि मधोमध उभी चीर देतात. हा झाला खुंट. मग थॉमसन या खायच्या द्राक्षाची पक्व काडी घेतात, साधारण पेन्सिलीच्या जाडीची, दोन डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटायच्या दोन जागा असलेली. तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तिरकं तासून पाचरीसारखं करतात, चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकची पट्टी ताणून गुंडाळतात. याचं नाव पाचर कलम. खरी मेख पाचरीच्या बसण्यात आहे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाइतका पातळ, वाढणारा थर असतो. खुंटाचा तो थर आणि काडीचा तो थर एकमेकांना भिडला पाहिजे. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर नाना काडी मधोमध न बसवता एका कडेला सरकवतात, म्हणजे निदान एका बाजूने तरी सालीला साल मिळते. भिडलं तर दोन-तीन आठवड्यांत डोळा फुगतो आणि कलम 'लागतं'. नाही भिडलं तर काडी वाळते.

टू ग्राफ्ट या क्रियापदाचा मूळ अर्थ एवढाच: एका सजीवाचा तुकडा दुसऱ्या सजीवाच्या अंगावर असा बसवायचा की दोघं मिळून एक होऊन वाढावीत. व्याकरणात त्रास नाही. भूतकाळ ग्राफ्टेड, चालू क्रिया ग्राफ्टिंग. जे बसवायचं ते कर्म आणि ज्यावर बसवायचं त्याच्याआधी 'ऑन' किंवा 'ऑन्टू'. 'वी ग्राफ्ट थॉमसन ऑन्टू डॉगरिज', आम्ही डॉगरीजवर थॉमसनचं कलम करतो. वर काय आणि खाली काय हे मराठीत 'वर' आणि 'चं' सांगतात, इंग्रजीत नुसत्या क्रमावर आणि 'ऑन्टू'वर भागतं. उलट लिहिलं तर बाग उलटी होते.

आता शब्दाचं मूळ. ग्रीक भाषेत 'ग्राफेइन' म्हणजे ओरखडणं, आणि पुढे लिहिणं. ग्राफ, फोटोग्राफ, पॅराग्राफ ही सगळी त्याच घरची मंडळी. पेन्सिलीतल्या शिशाला ग्रॅफाइट हे नाव १७८९ साली वेर्नर या जर्मन खनिजतज्ज्ञाने दिलं, तेही इथूनच. लिहायच्या साधनाला ग्रीकांनी 'ग्राफेइओन' म्हटलं, रोमनांनी 'ग्राफिउम'. रोमन पोरं मेण लावलेल्या पाटीवर टोकदार सळईने अक्षरं ओरखडत, ती सळई म्हणजे ग्राफिउम. लॅटिनमधून शब्द जुन्या फ्रेंचमध्ये उतरला आणि तिथल्या माळ्यांनी कलमाच्या काडीला तेच नाव दिलं. कारण टोक तासलेली काडी लिहिण्याच्या सळईसारखी दिसायची. फ्रेंचांकडून इंग्रजांनी घेतलं ते 'ग्राफ'. शेवटी 'ट' नव्हताच. १६११च्या इंग्रजी बायबलात रानटी ऑलिव्हच्या फांदीचं कलम केल्याचा दृष्टान्त आहे, तिथे शब्द 'ग्राफ्ड' असा छापला आहे. (त्या दृष्टान्तात रानटी फांदी चांगल्या झाडावर लावतात आणि लिहिणाराच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. नानांनाही ते पटलं नाही. जंगली खाली पाहिजे.) हा 'ट' बहुधा भूतकाळाच्या रूपातून आला: 'ग्राफ्ड'चा उच्चार 'ग्राफ्ट'सारखा व्हायचा आणि लोकांना तेच मूळ क्रियापद वाटायला लागलं. हसायचं कारण नाही. आपणही 'एक लेडीज आली होती' म्हणतोच, तिथे अनेकवचनाचा 'ज' असाच मुक्कामाला राहिला आहे.

एवढं सांगून मी भाचीला म्हटलं, आता नानांच्या हातातली काडी बघ आणि तिचं मराठी नाव घे. कलम. कलम म्हणजे काय?

पेन!

हे लक्षात आलं तेव्हा मी स्वतः थोडा वेळ गप्प बसलो होतो, खोटं कशाला सांगू. अरबीत 'कलम' म्हणजे लेखणी. अरबीने तो शब्द ग्रीक 'कालामोस'वरून घेतला, म्हणजे बोरू, वेत. अरबीतून फारसी, फारसीतून आपल्याकडे. आजोबांच्या पिढीने बोरूने लिहिलं आहे. बोरूचं टोक चाकूने तिरकं तासायचं, तसंच काडीचं टोक तिरकं तासायचं. फारसीत आजही झाडाच्या छाट्याला 'कलमे' म्हणतात. म्हणजे भूमध्य समुद्राच्या एका अंगाने शब्द गेला तो सळईवरून काडीवर, दुसऱ्या अंगाने गेला तो बोरूवरून काडीवर. ग्राफ्ट आणि कलम यांचं रक्ताचं नातं नाही. ग्रीकमधले ते दोन वेगळे शब्द आहेत. पण दोन ठिकाणच्या माळ्यांनी तासलेली काडी हातात धरली आणि दोघांनाही लेखणीच आठवली.

मग कायद्यातलं कलम? तेही लेखणीचंच. कागदावर एकेक मुद्दा लिहून काढायचा, तो एकेक मुद्दा म्हणजे कलम. जुन्या दफ्तरांतल्या याद्या 'कलमवार' असायच्या, कराराची 'कलमबंदी' व्हायची. तिथून ते कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसलं. 'शिर कलम करणे' यातही बोरू एका तिरक्या घावात छाटण्याचंच चित्र आहे. आणि गंमत पुढेच आहे. फ्रेंच भाषेत 'ग्रेफ' म्हणजे झाडाचं कलम, आणि 'ग्रेफ' म्हणजेच कोर्टाचं दफ्तर, जिथे निकाल लिहून ठेवतात. कोर्टातल्या लेखनिकाला तिथे 'ग्रेफिए' म्हणतात. दोन्ही त्याच रोमन सळईतून निघाले. म्हणजे झाड आणि कायदा एकाच शब्दाला बांधायचा उद्योग एकट्या मराठीने केलेला नाही.

संस्कृतातही एक 'कलम' आहे, भाताची एक जात, उपटून पुन्हा लावायची. इगतपुरी-त्र्यंबककडच्या आवणीवाल्यांना तो जवळचा वाटेल, पण त्याला या गोष्टीत ओढत नाही.

इथवर ग्राफ्ट बरोबर कलम असं समीकरण जुळतं. भाषांतर करताना मात्र पाय इथेच घसरतो, कारण मराठी कलम ग्राफ्टपेक्षा बरंच ऐसपैस आहे. सटाणा, देवळा, मालेगावकडे डाळिंबाची रोपं गुटी कलमाने करतात. फांदीची साल गोलाकार काढायची, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकने बांधायचं, मुळ्या फुटल्या की फांदी तोडून लावायची. यात झाड एकच आहे, दुसरं कुणी नाहीच. इंग्रजी याला ग्राफ्ट म्हणणार नाही, 'एअर लेअरिंग' म्हणेल. फांदी वाकवून मातीत दाबायचं दाब कलम हेही लेअरिंग. नुसता तुकडा मातीत खोचायचं छाट कलम म्हणजे 'कटिंग'. इंग्रजी ग्राफ्टला दोन झाडं लागतात: पाचर कलम, भेट कलम, आंब्याचं कोय कलम. गुलाबाचा डोळा भरतात त्याला वेगळं नाव 'बडिंग', पण तो ग्राफ्टचाच धाकटा भाऊ. रोपवाटिकेची इंग्रजी पाटी रंगवणाऱ्यांनी एवढं पाहिलं तरी 'ग्राफ्टेड पॉमग्रॅनेट' लिहिलेली पाटी वाचून बाहेरचा माणूस गोंधळणार नाही.

आणि दोन झाडंही कुठलीही चालत नाहीत, नातं लागतं. द्राक्षावर द्राक्ष, आंब्यावर आंबा. टोमॅटो वांग्यावर लागतो, कारण दोघं एकाच कुळातली. लासलगावच्या कांद्यावर नानांची पाचर चालणार नाही, कारण कांद्याला तो वाढणारा थर खोडाभोवती नसतोच. लागलेल्या कलमातही दोघं आपापला स्वभाव सोडत नाहीत. मुळं जंगलीची राहतात, घड थॉमसनचेच येतात. खुंटाला खाली फूट आली की शेतकरी ती लगेच मोडतो, नाहीतर जंगलीच बोकाळेल.

या खुंटाच्या गोष्टीत एक भलामोठा इतिहास आहे. १८६०च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षबागा अचानक वाळायला लागल्या. १८६८ साली प्लाँशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी मुळं उपटून पाहिली तर त्यांवर पिवळसर बारीक कीड: फायलोक्सेरा. ती अमेरिकेतून आलेली होती. अमेरिकेतल्या रानद्राक्षांना तिची सवय होती, युरोपच्या द्राक्षांना नव्हती. औषधं, पाणी, वाळू, सगळं करून झालं. शेवटी उपाय निघाला तो पाचरीचाच. मुळं अमेरिकेची, वर फ्रान्सची काडी. टेक्सासमधल्या डेनिसन गावच्या मन्सन या द्राक्षतज्ज्ञाने खुंटासाठी रानद्राक्षं निवडून देण्यात मोठी मदत केली आणि १८८८ साली फ्रान्स सरकारने त्याचा सन्मान केला. आमची डॉगरीजही टेक्सासच्याच रानद्राक्षातून निवडलेली. नाशिककरांनी ती किडीसाठी नाही, खारट पाणी आणि पाण्याची ओढ यांसाठी धरली. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीत एकेकाळी स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या बागा होत्या. आता नवी लागण म्हटलं की आधी जंगली.

माळ्याचा शब्द डॉक्टरांनी उचलला, आणि इथे नाशिकला बोलायचा हक्क पोचतो. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक पंचवटीत कापलं, नासिका म्हणून नासिक, ही कथा आपण पाहुण्यांना सांगतोच. (नव टेकांवर वसलं म्हणून नाशिक, असं म्हणणारेही आहेत. मी पाहुणा बघून ठरवतो.) कापलेलं नाक परत बसवायची विद्या सुश्रुताच्या परंपरेत होती. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या एका मासिकात हे सचित्र छापून आलं आणि युरोपातले सर्जन चकित झाले.

पण याला आजचा सर्जन ग्राफ्ट म्हणणार नाही, 'फ्लॅप' म्हणेल. कपाळावरची कातडी पूर्ण तोडलेली नव्हती. एका देठाने ती जागेवर जोडलेली होती, रक्त मिळत होतं, नव्या जागी रुजल्यावर देठ कापला. माळ्याला विचाराल तर हे हुबेहूब भेट कलम आहे. तिथेही काडी आईच्या झाडावर असतानाच खुंटाला बांधतात आणि जोड लागल्यावर मागून तोडतात. गमतीची गोष्ट अशी की १५९७ साली इटलीतल्या बोलोन्याच्या टाल्याकोत्सीने दंडाची कातडी वळवून नाक करायची रीत लिहिली, तेव्हा तिला त्याने माळ्यांचाच लॅटिन शब्द दिला होता, 'इन्सिटिओ', म्हणजे कलम करणं. डॉक्टरांनी पुढे भेद काढला. पूर्ण तोडून दुसरीकडे बसवलं आणि तिथल्या रक्तावर जगलं तर ग्राफ्ट, देठासह नेलं तर फ्लॅप. १८६९मध्ये रेव्हर्दँ या तरुण डॉक्टरने पॅरिसमध्ये कातडीचे बारीक तुकडे जखमेवर रुजवून दाखवले. आपलं त्वचारोपण त्या वाटेने आलं.

दवाखान्यात हा शब्द आता रोजचा आहे. बायपासनंतर 'तीन ग्राफ्ट टाकले' म्हणतात, म्हणजे पायाची किंवा छातीतली रक्तवाहिनी घेऊन हृदयावर तीन नव्या वाटा काढल्या. दाताचे डॉक्टर हाडाचा ग्राफ्ट म्हणतात. केस लावणारे तर ग्राफ्टवर भाव सांगतात. भाचीचा प्रश्न होता, मग ट्रान्सप्लांट वेगळं कसं? ढोबळ मानाने असं: आख्खा अवयव त्याच्या नळ्यांसकट बसवला तर ट्रान्सप्लांट, कातडी-हाड-नस असा तुकडा बसवला तर ग्राफ्ट, आणि निर्जीव वस्तू आत ठेवली तर इम्प्लांट. सीमा पक्की नाही. बसवलेल्या किडनीलाही डॉक्टर बोलता बोलता ग्राफ्टच म्हणतात, आणि शरीराने ती नाकारली तर 'ग्राफ्ट रिजेक्शन'.

अलंकारिक वापर सोपा आहे. जुन्या वाड्याला काचेची इमारत चिकटवली, गावच्या जत्रेवर इव्हेंटचा थाट चढवला, तर इंग्रजी म्हणेल 'ग्राफ्टेड ऑन्टू'. यात बहुतेक वेळा एक नाराजी असते, की हे इथलं नव्हतं, वरून बसवलं आहे. लागलेलं कलम ओळखू येत नाही. अलंकारिक ग्राफ्ट मात्र ओळखू आल्यावरच म्हणतात.

उरला तो लाच घेणारा कारकून. तो या घरचाच नाही.

इंग्रजीत दुसरा एक ग्राफ्ट आहे, उच्चार तोच, स्पेलिंग तेच, जन्म वेगळा. जुन्या इंग्रजीत 'ग्राफान' म्हणजे खणणं. थडग्याचा 'ग्रेव्ह' त्याच्याच कुळातला. फावड्याच्या एका खेपेत जेवढी माती निघते तिला ग्राफ्ट म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटनमधल्या बोलीत ग्राफ्ट म्हणजे काम, धंदा, असा अर्थ दिसतो, तो बहुधा याच खणण्यातून आलेला. 'हार्ड ग्राफ्ट' म्हणजे घाम गाळून केलेलं कष्टाचं काम, आणि क्रियापद म्हणून 'टू ग्राफ्ट' म्हणजे राबणं. क्रिकेट ऐकणाऱ्यांना हे माहीत आहे, फक्त लक्षात आलेलं नसतं. चेंडू वळतोय, धावा निघत नाहीत आणि फलंदाज एकेक करत पन्नाशी गाठतो, तेव्हा समालोचक म्हणतो 'ही ग्राफ्टेड हिज वे टू फिफ्टी'. आपल्याकडचा 'खडूस' फलंदाज तो हाच.

अमेरिकेत या शब्दाला वेगळी संगत लागली. तिथल्या उचल्यांच्या बोलीत 'धंदा' म्हणजे 'आपला धंदा', हात मारायचा. एकोणिसावं शतक संपेपर्यंत चोरांकडून शब्द पुढाऱ्यांकडे गेला आणि ग्राफ्ट म्हणजे पदाचा वापर करून खाल्लेला पैसा. झाडावर वरून बसवलेल्या फांदीचं चित्रही यात मिसळलं असावं, असं काही कोशकार म्हणतात. मला खणण्याची बाजू जास्त पटते. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचा पुढारी प्लंकिट याने तर दोन प्रकारच सांगितले, ते १९०५ साली छापून आले. तिजोरी लुटणं हा अप्रामाणिक ग्राफ्ट. आणि कुठे बाग होणार, कुठे पूल होणार हे आधी कळलं म्हणून तिथली जमीन स्वस्तात घेऊन ठेवणं हा 'प्रामाणिक ग्राफ्ट'. रिंगरोडची रेषा नकाशावर यायच्या आत कुणाचे सातबारे फिरतात, याच्या गप्पा ज्यांनी चहाच्या टपरीवर ऐकल्या आहेत, त्यांना प्लंकिट परका वाटणार नाही.

आपल्या इंग्रजी पेपरांनी हा अमेरिकी अर्थ उचलला, कारण मथळ्यात जागा कमी आणि शब्द छोटा. या अर्थाने तो बहुतेक नाम म्हणूनच येतो. कारकून 'ग्राफ्टेड' असं कुणी लिहित नाही, लिहिलंच तर इंग्लंडचा वाचक समजेल की बिचारा दिवसभर राबला.

भाचीने हे सगळं वहीत उतरवलं आणि मग तिला सुचलं. "मामा, म्हणजे नाना कोण? ग्राफ्टर?"

"हो ना. कलम करणारा तो ग्राफ्टर."

नानांनी पट्टीची गाठ मारली. "चांगलं असतंय का वाईट?"

"इंग्लंडात चांगलं," मी म्हटलं. "कष्टाळू माणूस. अमेरिकेत वाईट, लबाडीने पैसा खाणारा."

त्यांनी खुंटावर चाकूची मूठ हलकेच आपटली. "आणि हा जंगली कुठला म्हणालात मघाशी?"

"अमेरिकेचा."

"मग खालून अमेरिका, वरून इंग्लंड धरा," नाना म्हणाले आणि पाण्याची बाटली उचलून पुढच्या ओळीला गेले.